उलट्या गाठीची पेंढी

९ मे
गोऱ्हे काट्यावर घेतले. सगळे घटलेत, आणि पोटं मात्र टम्म! नेमेसिओ भावजी म्हणाले, "वहिनी, गुडघाभर गवत उभं आहे. आणखी काय हवं त्यांना?" वाळक्या गवतात प्रथिनं नाहीत, ते अंगी लागत नाही — कितीदा सांगू!

फक्त माझ्या नवऱ्याचा, एवारिस्तोचा, तांबडा गोऱ्हा वाढलाय. त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

१४ जून
महिनाभर मका चारला. गोऱ्हे गुबगुबीत झाले, पण उंची होती तिथंच. नुसत्या मक्यानं चरबी येते, हाड वाढत नाही.

तांबडा मका हुंगतो आणि तोंड फिरवतो. तरी सगळ्यांपेक्षा उंच!

१७ जून
तांबड्याला घराजवळच्या आवारात कोंडलं, कुलूप लावलं. सकाळी ओठ हिरवे.

आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, सगळ्या मुलखात हिरवं पातं नाही. लसूणघास होता फक्त एवारिस्तोचा, नदीच्या वळणावर. तो डावखुरा होता, पेंढीची गाठ उलटी मारायचा. फेब्रुवारीच्या पुरात ते शेत बुडालं, घास कापायला गेलेला तोही. शेतावर अजून पाणी आहे. तो सापडला नाही.

२ जुलै
भावजी कागद घेऊन आले. "पार वाळलात तुम्ही. नुसता मातेचा कडू चहा आणि पाव, असं किती दिवस चालायचं? सही करा, गुरं-जमीन विकू, आमच्याकडे शहरात राहा."

गुरांना डाग द्यायच्या दिवशी गड्यांना मेजवानी लागते. भावजींनी त्यासाठी तांबडा मागितला. मी हो म्हटलं. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

१३ जुलै
तांबडा कापला. भावजींनी पोट चिरलं — आत लसूणघास! हिरवागार. न चावलेल्या काड्यांची टोकं विळ्यानं कापल्यासारखी साफ.

"हा कुठून आणलात, वहिनी?"

"मी नाही आणला."

ते हात धुवायला गेले ते परत मांस भाजायच्या विस्तवाजवळ आलेच नाहीत. सहीचं विसरूनच गेले. गड्यांनी मात्र बोटं चाटत खाल्लं. मला घास गिळवेना. मी रडले.

१४ जुलै
आज पावही नको वाटला.

१५ जुलै
सकाळी दार उघडलं. उंबऱ्यावर लसूणघासाची पेंढी, ओली. गाठ उलटी.

तांबडा आता नाही. ही माझ्यासाठी. दोन काड्या चावून पाहिल्या. गोड लागल्या.