शून्य लेव्हलचं अंगण

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जय भीम. तुझी, नेहाची आणि पोरांची तब्येत बरी असेल. तुझ्या ताईचीही असेलच, कारण सोमवारपासून ती तुझ्याकडेच आहे. (फोन केला की ती उचलते आणि ठेवते, म्हणून हे पत्र आमच्या शेजारच्या मिनलच्या हाती देतोय.) माहेरपणाला आले, असं ती म्हणाली असेल. तसं नाही. आमच्या दिघीच्या अंगणात काय घडलं ते माझ्याकडून ऐक. तिच्याकडून ऐकलंस तर मला तुझ्या घरात पाय ठेवता यायचा नाही.

अंगणातल्या कोब्याला जागोजागी भेगा पडल्या होत्या. तो फोडायचा म्हणजे राडारोडा आणि धूळ. त्यापेक्षा त्याच्यावरच दगडाची बारीक कच पसरून सिमेंटचे ब्लॉक बसवायचे मी ठरवलं. सगळी नोकरी मी चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला काढली, हे तुला ठाऊक आहे. सुताएवढा फरक असलेला माल कधी पुढे जाऊ दिला नाही. माझा मित्र धम्मपालही त्याच खात्यातून निवृत्त झालेला, आणि घरी त्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून तो लगेच मदतीला आला. लेव्हलची पट्टी लावून पाहतो तर काय, कोबा दारापासून गटाराकडे उतरता! इतकी वर्षं आपण वाकड्या अंगणात राहिलो, याची मला खरोखर लाज वाटली. (गवंडी तेव्हा प्यायलेला असणार, असं धम्मपालचं मत पडलं. गवंडी वारला आहे, म्हणून वाद झाला नाही.) मग गटाराकडे कच जाड घातली, दाराकडे पातळ, आणि ब्लॉक असे बसवले की पट्टी कुठेही ठेवा, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध.

तुझ्या ताईने दारातून एवढंच विचारलं, "अहो, पाणी कुठनं जाणार?" मी म्हटलं, सपाटीवर पाणी सारखं पसरतं आणि वाळून जातं. हे मी कुठून आणलं, मलाही माहीत नाही.

सोमवारी टाकीची मोटर लावली आणि धम्मपालला पुन्हा एकदा लेव्हल दाखवत बसलो. टाकी भरून वाहिली, पाणी अंगणात आलं. काय सांगू, इतकं सुंदर पसरलं! ना डावीकडे, ना उजवीकडे. धम्मपालने मला टाळी दिली. तेवढ्यात पाणी उंबरा ओलांडून आत गेलं (ब्लॉकांमुळे अंगण उंबऱ्याला टेकलं होतं; ही बाब आमच्या तपासणीत बसत नव्हती). आत गच्चीवरून उतरवलेल्या कुरडया जुन्या लुगड्यावर पसरल्या होत्या. तुमच्याच घरासाठी, गहू भिजवून, चीक काढून, तिने एकटीने केलेल्या. त्यांचा पुन्हा चीक झाला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. तिने मोटर बंद केली, पिशवी भरली, आणि "पाणी न्हाई ना जात? मग मीच जाते," म्हणून त्या पाण्यातूनच निघून गेली.

बाकी इकडे सर्व ठीक. घर शांत आहे, मी मजेत आहे. पोरांचे लाड माझ्या वाटचेही तूच कर.

तुझा दाजी,
कोंडीराम

ता. क. मजेत नाही. सवयीने दोघांचा चहा टाकतो, मग दुसरा कप वाया जाऊ नये म्हणून धम्मपालला बोलावतो, आणि तो लेव्हलबद्दल बोलतो. करमत नाही रे. तिला घेऊन ये.

आणखी ता. क. सगळे ब्लॉक उखडून ती म्हणेल तसा उतार काढतो, असं तिला सांग. कुरडयांसाठी गहूही भिजत घातला आहे, माझ्या हाताने. वास यायला लागला आहे. तो यायचाच असतो की माझं काही चुकलं, तेवढं विचारून कळव.

शेवटचं. उखडण्याआधी एकदाच धम्मपालला अंगणाचा फोटो काढायचा आहे, पट्टी ठेवून. तेवढी परवानगी तिच्याकडून मिळव. माझं नाव घेऊ नकोस.