बोटावरची हळद

प्रिय आईस,

सप्रेम जयभीम. पुण्यात मी ठीक आहे. फोनवर अप्पा शेजारी बसून ऐकतात, म्हणून हे पत्र तुला एकटीला.

अप्पांची फुप्फुसं थकल्यामुळे हृदयाचे ठोकेही चुकायला लागलेत, म्हणून त्यांच्या बोटाला ऑक्सिजन आणि नाडी मोजायचं यंत्र लावून तू मला रोज फोटो पाठवायचं ठरलं होतं. चार दिवस आकडा अगदी बराबर येतोय. पण फोटोतल्या बोटाला हळद लागलेली दिसते. अप्पा कधीपासून फोडण्या द्यायला लागले?

“पोरीला कशाला घोर लावती? तुझंच बोट घाल,” असं तेच म्हणाले ना?

पत्र मिळेल त्या दिवशी त्यांचंच बोट दिसू दे, विळ्याचा वण असलेलं. आकडा कसाही असो, रागावणार न्हाई. नुसती घरी यायला जाफराबादची गाडी धरीन.

तुझीच,
भावना