गिधाडकड्याचे पाहुणे

एकलहरे,
६ नोव्हेंबर १९८३

ती. अक्का व ती. दाजी यांस,
जयरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक. धाकटीला दात येताहेत, त्यामुळे घरात कुणी झोपत नाही, एवढंच. बातमी अशी की पाहुण्यांचं जमलं! पाटणकरबाई (कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त) आणि आणखी पाच जण पुढच्या महिन्यात तुमचा गिधाडकडा बघायला येणार. मी म्हटलं लग्झरी भरून आणतो, तर बाईंनी मला असं झापलं की विचारू नकोस! कड्यावर घरटी आहेत, म्हणून सहाच्या वर माणूस नको, ट्रान्झिस्टर नको, पायथ्याशी जायचं नाही, आणि राहायचं ते गावातल्याच घरात. मी लगेच तुझं नाव सांगितलं. तुझा ठेचा खाऊन कुणी जिवंत परतलं तर पुढच्या तुकड्याही येतील.

एक काम मात्र कर. पक्षी आभाळातच फिरत राहिले तर लोकांना काय दिसणार? तेव्हा दाजींना सांगून एखादं मेलेलं ढोर माळावर ओढून ठेवायची सोय कर. सरपंच मल्हारी पाटलांनाही मी तसं लिहिलंय.

मुलांना पापे. माया आहे तशीच ठेव.
तुझा,
जयराम


कडेवाडी, ता. चांदवड,
१५ नोव्हेंबर १९८३

चि. जयरामास,
अक्काचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं आपले डोळे बिघडले. मग कळलं, भावाचं डोकं बिघडलंय.

अरे, कुणाला काय सांगतोस? छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला. गावानं सहा महिने वाळीत टाकलं, दाण्याला महाग केलं, पण त्यांनी पुन्हा मेलेल्या ढोराला हात लावला नाय. तेव्हापासून गाव त्या कामाला बाहेरून माणूस आणतं, पण आपलं आपण ओढत नाय. आणि तू एकलहऱ्याच्या पंख्याखाली बसून आपल्याच दाजींच्या हातात तो दोर देतोस? हे दोन दिवस जेवले नायत.

वर तुझं पत्र घेऊन मल्हारी पाटील दारात हजर. म्हणाला, तुमचाच माणूस सांगतोय, गावाच्या नावासाठी एवढं करा. नाय केलं तर पाहुणे तुमच्या वस्तीत उतरू देणार नाय. मी सांगितलं, पाहुणे माझ्या दारी येतील आणि दोर यायचा नाय.

खरं सांगू? मला लय हौस होती रे. भिंती सारवल्या, उसन्या गोधड्या आणल्या. आपल्या वस्तीत परकं माणूस मुक्कामाला कधी आलंय का? पण त्यापायी मान खाली घालायची असली तर नको तुझे पाहुणे.

राग आहे. तरी तू आपला आहेस, हे विसरू नको.
तुझी,
विमलअक्का


एकलहरे,
२१ नोव्हेंबर १९८३

ती. अक्का,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही. पंख्याखाली बसलो म्हणून का होईना, विसरलो हे खरं. दाजींचे पाय धरायला पाहुण्यांबरोबर मीच आलो असतो, पण रजा नाही.

पाटणकरबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या माझ्यावरच भडकल्या. म्हणाल्या, पक्ष्यांना आमिष मांडायला कुणी सांगितलं होतं? दिसतील तेवढे बघू, नाही दिसले तर भाकरी खाऊन येऊ. पण उतरू तुमच्या दाजींकडे, भिकनरावांकडेच. पाटलांनाही त्यांनी तसंच कळवलंय. तेव्हा गोधड्या परत करू नकोस.

शिव्या चालतील, अबोला नको.
तुझा मूर्ख भाऊ,
जयराम


कडेवाडी,
२० डिसेंबर १९८३

चि. जयरामास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पाहुणे काल गेले. घर कसं खायला उठलंय! बाईंनी ठेचा मागून मागून खाल्ला. चष्म्याचा साहेब मात्र एका घासात पाण्याची कळशी शोधत सुटला. दिवसभर सगळे बांधावर गुपचूप बसायचे. ह्यांना दुर्बीण दिली, तर गिधाड अंगावर आलं समजून हे खालीच बसले! सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

आता मुख्य सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी पाटलाचा म्हातारा बैल गोठ्यात मेला. ढोरं ओढणारा बाहेरचा माणूस लग्नाला गेलेला. पाटील आमच्या दारात आला आणि पाहुण्यांदेखत म्हणाला, आजच्या दिवस गावाची लाज राखा. हे कप हातात धरून शांतपणे म्हणाले की बैल तुमचा, जन्मभर राबला तुमच्यासाठी, त्याला शेवटचा खांदा पण तुम्हीच द्या. पाटील खवळला, म्हणाला संध्याकाळच्या यष्टीनं पाहुणे परत जातील. बाई म्हणाल्या, आम्ही भिकनरावांचे पाहुणे, त्यांनी जा म्हटलं तर जाऊ.

तेवढ्यात पाटलाची आई, चतुराबाई, काठी टेकत आली. लेकाला म्हणाली, बैलाला पोळ्याला पुरणपोळी घालतोस, पाया पडतोस, आणि मेल्यावर त्याचा विटाळ होतो होय रे? आणि पदर खोचून स्वतः दोर धरला. मग काय करतो! पाटील पुढं झाला, त्याचे भाऊ आले, चुलते आले. अख्ख्या गावासमोरून पाटलांनी आपला बैल आपण माळावर नेला. पाहुणे मदतीला उठले होते, मी हात करून बसवलं. म्हटलं, हे त्यांचं त्यांना करू द्या.

दुपारी गिधाडं उतरली. आधी एक, मग सगळं आभाळ भरलं. सुपानं धान्य पाखडल्यागत पंखांचा आवाज. बाईंचे डोळे भरले होते. माझेही, पण माझं कारण वेगळं होतं.

संध्याकाळी पाटील परत आला, म्हणाला पुढच्या वेळी दोन पाहुणे आमच्याकडे द्या, आई मागं लागलीय. मी म्हटलं देईन, पण तुमच्या घरी आमचा कप वळचणीला वेगळा टांगलेला असतो, आणि प्यालो की आम्हीच विसळून ठेवायचा. आधी तुमच्या घरात बसून तुमच्या कपातनं चहा पिईन, मग बघू. पाटील आल्या पावली माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई स्वतः बोलवायला आली. आम्ही दोघं गेलो, आत बसलो. फळीवरच्या कपबश्या काढल्या, सगळ्यांच्या एकसारख्या. चहा गोडमिट्ट होता. पिऊन झाल्यावर सवयीनं मी कप विसळायला उठले, तर म्हातारीनं हात धरून खाली बसवलं. मल्हारी पाटील उठला. आमचे दोघांचे कप उचलून मोरीवर गेला आणि विसळून फळीवर ठेवले.

घरी आल्यावर हे पोटभर जेवले.

बाई म्हणाल्या पुढची तुकडी फेब्रुवारीत येईल. त्यांना सांग, घरं आता दोन आहेत, माणसं मात्र सहाच. राग गेला रे बाबा, ये आता.
तुझी,
विमलअक्का