बिनतुपाच्या वड्या

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

पेडणे, सोमवार

तीर्थस्वरूप शिवदासदादा यांस,

गोकुळदासचा पेडण्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार. (कागदावर तपकिरी डाग दिसतील ते माडाच्या गुळाचे आहेत. हात तीनदा धुतले, तरी चिकटपणा जात नाही.) वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जिवाला बरं वाटलं. त्यांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नये, चुलीकडे तर फिरकूच नये. माझी बायको तिथे मदतीला आलीच आहे, तर सगळी कामं बिनदिक्कत तिच्याकडून करून घ्या. रिकामी बसली की तिला दुसऱ्यांच्या चुका दिसू लागतात. तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या पाळी गावात खाणीचे ट्रक पुन्हा सुरू झाले म्हणतात, तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या लावून बसत जा. इथे मी, मांजर आणि देव, तिघेही खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. राग मानू नका दादा, पण तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून सोप्यावर मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून ऐकायचा, अशी रीत आहे. मागच्या मंगळवारी मी सुमंगलेला माझ्या पोटाची तक्रार सांगत होतो, तर मध्येच तुमच्या शेजारच्या कोणीतरी मला ओवा खायला सांगितलं. म्हणून हे पत्र आमच्या शेजारच्या महेशबरोबर पाठवतो आहे. तो तुमच्या पाळीच्याच खाणीवर हापिसात असतो. पत्र तुम्ही एकट्यानेच वाचावं, शक्य झाल्यास मागच्या कुळागरात पोफळींखाली जाऊन.

विषय आमच्या प्रज्योतचा आणि सूनबाई सेजलचा आहे. लग्नाला फेब्रुवारीत वर्ष होईल. दोघांची नोकरी पणजीला, राहणं भाड्याच्या खोलीत, आणि आता पर्वरीला फ्लॅट घ्यायचं चाललं आहे. पेडण्याहून रोज पणजीला जाऊन येणारी माणसं काय कमी आहेत? त्यांच्यासाठी माडीवरची खोली मी रंगवून घेतली, पंखा नवा बसवला, पण विषय काढला की प्रज्योत हवापाण्याचं बोलायला लागतो. कारण सेजल आहे, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. खरं म्हणजे कारण मी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपण सोमवारी शिवराक, म्हणजे त्या दिवशी मासळी नाही. ही फोंड्याची मुलगी सातही वार शिवराक, आणि त्यापुढे जाऊन दूध, दही, तूप, मध यांतलंही काही घेत नाही. जनावराला तोशीस पडेल असं काही तोंडात घालायचं नाही, असा तिचा नेम. चतुर्थीच्या पंगतीत तिने खिरीची वाटी हलकेच बाजूला सारली, आणि मी सर्वांदेखत म्हणालो की खिरीला नको म्हणणारं माणूस या घरात जन्मात पाहिलं नव्हतं, तेवढं पाहायचं राहिलं होतं. पंगत खदखदून हसली. (सर्वांत मोठ्याने तुम्ही हसलात. हे अशासाठी नमूद करतो, की दोष थोडा वाटून घेता यावा.) सेजलही हसली. पण पोरगी नुसत्या भात-लोणच्यावर उठली, आणि त्यानंतर तीन महिने तिचा पाय या घराला लागला नाही. दादा, मला त्या वाक्याची फार लाज वाटते. चौतीस वर्षं सरकारी हापिसात बसलो, कुणाला टाकून बोललो नाही, आणि घरी आलेल्या सुनेला बोललो.

तर गेल्या बुधवारी प्रज्योतचा फोन आला, की रविवारी सकाळी दोघं दोन तास येऊन जातो, दुपारी पर्वरीचा फ्लॅट पक्का करायला जायचं आहे. म्हणजे माझ्या हातात चार दिवस आणि दोन तास. मी एकदम बोलून गेलो, की सेजलसाठी मी स्वतः काहीतरी करून ठेवतो. त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्याने, ती रोज हापिसाला जाताना डब्यात नेते त्या ओट्सच्या वड्यांची कृती फोनवर पाठवली. खाली लिहिलं होतं, भट्टी नको, चूलही जवळजवळ नको, लहान मुलालासुद्धा जमेल. मला आयुष्यात चहा सोडून काही जमलेलं नाही हे तुम्ही जाणताच, पण लहान मुलाशी बरोबरी करायला काय हरकत आहे, असं मी मनाशी म्हटलं.

बाजारात अनंताच्या दुकानात गेलो आणि ओट्स मागितले. त्याने पुडा खाली काढायच्या आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "साखर किती आयली, बाब?" मी म्हटलं, मला मधुमेह नाही, सुनेला वड्या करायच्या आहेत. त्यावर त्याने अशी मान हलवली, की रोगी माणूस पहिल्यांदा असंच म्हणतो. संध्याकाळपर्यंत तिघेजण कारल्याचा रस कसा घ्यावा ते सांगून गेले, आणि एकाने जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. (ती तुमच्याकडे लागत असेल तर कळवा.) बाकी सामान घरचंच. काजू आपल्या बागेतले, खोबरेल घाण्याचं, आणि मधाऐवजी माडाचा काळा गूळ. फक्त खजूर विकत आणला.

कृतीत लिहिलं होतं, काजू भाजून अगदी लोण्यासारखे वाटावेत, भिजवलेल्या खजुराचा गोळा करावा, गूळ खोबरेलात फक्त विरघळण्यापुरता कोमट करावा, सगळं ओट्समध्ये मळून ताटात थापावं आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवावं. एवढंच. पण गूळ नुसता कोमट करून कधी काही होतं का? आईला पाक करताना मी पाहिलेला आहे. मी गूळ चांगला रटरटून घेतला. गुरुवारी दुपारी ताट बाहेर काढलं तर सुरी लागेना. कोयता घेतला, तर ताटाला पोचा आला आणि वडी तशीच. आवाज ऐकून महेशची आई शालिनी कुंपणापाशी आली. तिने तो ठोकळा हातात घेतला, अंगठ्याने ठोकून पाहिला आणि विचारलं, "हो चिरो खंय बसयतले तुमी?" त्या चिऱ्यावर सध्या आमचं परसदाराचं फाटक टेकलेलं आहे, वाऱ्याने आता आपटत नाही.

शुक्रवारी उलट झालं. गुळाला इतका कमी ताप दिला, की वडी उचलली तर हातात चिमूट राहायची आणि बाकीची खाली सांडायची. मांजराने हुंगून पाहिलं आणि निघून गेलं. मग शालिनीनेच सांगितलं, की नुसतं पसरून भागत नाही, वाटीच्या बुडाने दाबून दाबून बसवावं लागतं. शनिवारी तसं दाबलं. वड्या देखण्या पडल्या. पण घाईला आलो होतो म्हणून ताट वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं, आणि तिथे सुमंगलेने जाण्याआधी माझ्या जेवणाची सोय म्हणून बांगडे आणि सोललेली सुंगटां भरून ठेवलेली. (चौदा बांगडे. सोमवार तेवढे तिने मोजून वगळले होते.) वडी खाऊन पाहिली. खोटं कशाला सांगू, मला आवडली. पण जनावराला तोशीस पडू न देणाऱ्या मुलीपुढे बांगड्याच्या वासाची वडी ठेवायची म्हणजे चतुर्थीचीच पुनरावृत्ती. शनिवारी रात्री फ्रिज रिकामा केला, बांगडे शालिनीकडे धाडले, कप्पे लिंबाने पुसले आणि चौथ्यांदा काजू वाटायला बसलो.

दादा, चौथ्या वड्या अशा झाल्या, की काय सांगू. काळसर, कडा सरळ, मोडली की खुसखुशीत आणि दातांखाली मऊ. वीस वड्या मोजून स्टीलच्या ताटात लावल्या. रविवारी आंघोळ केली, पूजा केली, आणि अर्थातच ताट देवापुढे ठेवलं, कारण आपल्या घरात नवीन गोड झालं तर ते देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालतं का? पाण्याचं मंडल केलं, डोळे मिटले, मंत्र म्हटला. डोळे उघडले तेव्हा माझ्या उजव्या हातात तुपाची पळी होती. रिकामी.

चाळीस वर्षं नैवेद्यावर तूप सोडणारा हात तो. त्याला कोणी कळवलं होतं, की आज सोडायचं नाही? आणि एका वडीवर सोडून थांबला असता तर तेवढी काढून ठेवली असती. पण वीसच्या वीस वड्यांवर, सढळ हाताने, कोपरा न कोपरा. मी तूप पुसायला फडका शोधत होतो तेवढ्यात अंगणात प्रज्योतची गाडी वाजली.

मी पाणी आणेपर्यंत प्रज्योतने उत्साहाने ताट बाहेर नेऊन ठेवलंसुद्धा. तूप केव्हाच मुरलं होतं. रंगात फरक नाही, वासात नाही, गूळ-खोबरेलापुढे तुपाचा वास कसला येतो? ही गोष्ट देवाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती, आणि देव काही बोलणार नव्हता. सेजलने एक वडी उचलली, निरखून पाहिली आणि म्हणाली, की मला अजून एवढ्या सरळ कापता येत नाहीत. तिचा चेहरा इतका खुलला होता, की तो तसाच राहावा म्हणून मी वाटेल ते केलं असतं. गप्प बसणं तर किती सोपं होतं. वडी तिच्या ओठांपर्यंत गेली.

"सेजल, रांव," मी म्हटलं. "तातूंत तूप पडलां."

प्रज्योतने कपाळाला हात लावला. मी सगळं सांगून टाकलं, चिऱ्यापासून पळीपर्यंत, आणि त्याच दमात चतुर्थीच्या वाक्याबद्दल माफीही मागितली, कारण एकदा तोंड उघडलं की मला मधे थांबता येत नाही. सेजलने वडी परत ताटात ठेवली. मग म्हणाली, की चतुर्थीला ती पातोळ्या आवडीने खाणार होती, त्यात नारळ आणि गूळच तर असतो, पण पाहते तर प्रत्येक पातोळीवर तूप सोडलेलं. (कोणी सोडलं होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.) आणि मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, वड्या मळल्या ते भांडं धुवायचं राहिलं होतं त्यात डोकावली आणि तिथून हाक मारली, "बाबा, आयदनाक लागलां तातूंत तूप ना मू?"

भांड्याला लागलेल्यात तूप नव्हतं. तिने चमचा घेतला आणि भांडं असं खरवडलं, की ते वेगळं घासावं लागलं नाही. मी दारात उभा राहून पाहत होतो. मला भरून आलं, ते लपवायला मी प्रज्योतला ओट्सच्या किमतीवरून बोललो. मग उरलेल्या ओट्सचा पाचवा घाणा तिने आणि मी मिळून केला. तिने थापला, मी दाबला. दाबताना तिने मला सांगितलं, की माझा हात जड आहे पण वडीला चांगला आहे. वड्या फ्रिजमध्ये असेपर्यंत ती माडीवर गेली, खिडक्या उघडून पाहिल्या आणि पंखा लावून थोडी झोपलीसुद्धा. पर्वरीला दुपारी कोणी गेलं नाही. डिसेंबरात सामान आणतो म्हणाले.

वहिनींना नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद. तुपाच्या वीस वड्यांचा डबा महेशकडेच दिला आहे. तुम्हाला तुपाचं वावडं नाही.

आपला नम्र,
गोकुळदास

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. सेजलने निघताना विचारलं, की स्वयंपाकघरातलं एक कपाट आणि फ्रिजचा एक कप्पा फक्त तिच्यासाठी, मासळी-तुपाचा हात न लागता, ठेवता येईल का. मी म्हटलं, हो तर. बोलल्यावर लक्षात आलं, की त्या स्वयंपाकघरात माझ्या मालकीचा चहाचा कपसुद्धा नाही. मी जे कपाट दाखवलं ते सुमंगलेच्या लोणच्याच्या बरण्यांचं आहे. आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याचंही कबूल करून बसलो आहे. आता तुम्ही थोरले भाऊ. तुमचा शब्द ती मोडत नाही. वहिनींचं जेवण झालं, सुमंगला निवांत पान लावायला बसली, की हळूच विषय काढावा. उरलेले बांगडे शालिनीकडे गेले हे मात्र शेवटी सांगावं, किंवा सांगूच नये.

दुसरा ता. क. सुमंगले, तू हे दादांच्या खांद्यावरून वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. सेजल म्हणाली होती, आई आल्या की त्यांना विचारून मगच कपाट घेऊ. मी म्हटलं, विचारायला नको, ती नाही म्हणायची नाही. तुला न विचारता तुझ्या वतीने एवढं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो आहे. तेव्हा कपाट देऊन टाक, आणि माझ्याशी काय भांडायचं ते इथे येऊन भांड. गुरुवारी म्हापशाहून येणाऱ्या साडेदहाच्या बसला मी स्टँडवर उभा असेन.