सर्दीवाल्यांना प्रवेश नाही

३ जानेवारी
नात सतरा तारखेला लातूरहून घरी येते. त्याच दिवशी बारसं. आजवर तिला मोबाईलवरच पाहिलंय. लातूरला गेलो नाही, कारण व्याही नामदेवराव फोनवरसुद्धा नाक ओढतात. शिसारी येते. घरात तिला पहिल्यांदा मांडीवर मीच घेणार, हे बायकोला, रंजनाला, आणि मुलाला, पुष्करला बजावून ठेवलं. दारावर पाटी लावली : सर्दीवाल्यांना प्रवेश नाही. मला स्वतःला सर्दी होतच नाही. प्रकृतीच तशी.

६ जानेवारी
Prevention सुरू. अफझलगंजच्या बाजारातून सुंठ, मिरे, ज्येष्ठमध आणलं. दुकानदार हातात शिंकला आणि त्याच हाताने पुडी बांधली. स्वच्छतेवर चार शब्द सुनावले. होना तो लेव साब, नक्को तो जाव, म्हणाला. घेतलं. उकळल्यावर सगळं मरतं.

८ जानेवारी
काढ्याला ओल्या पायपुसण्याचा वास येतो. रंजना एक घोट घेऊन बेसिनकडे धावली. यापुढे तुम्ही एकटेच निरोगी राहा, म्हणाली. या घरात immunity ची कुणाला किंमत नाही.

१२ जानेवारी
आजपासून checking. दारात येईल त्याने 'आ' करायचं, मी टॉर्च लावून घसा बघणार. लोकांच्या तोंडात काय काय असतं! जेवण गेलं नाही. वरच्या मजल्यावरचा अभिजीत 'आ' करता करता थेट माझ्या चष्म्यावर शिंकला. शी. चष्मा शर्टाला पुसला आणि त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. पद्धत किती उपयोगी आहे ते सिद्ध झालं.

१४ जानेवारी
संक्रांत. प्रणिता पुण्याहून आली. बाळाची आत्या, म्हणजे नाव तीच ठेवणार. काय ठरवलंय ते कुणाला सांगत नाही. दारात पाऊल टाकलं आणि शिंकली. फोडणीत मिरची जळली म्हणून, असं रंजनाचं म्हणणं. नियम तो नियम, पोटची मुलगी असली म्हणून काय झालं? तिळगुळाचा डबा चिमट्याने आत घेतला आणि तिला विद्यानगरातच सुशीलामावशींकडे पाठवलं. जाताना नाक ओढत होती. म्हणजे सर्दी confirm.

१५ जानेवारी
घसा खवखवतो. पतंगांच्या गर्दीत गच्चीवर धूळ फार.

१६ जानेवारी, सकाळ
नाक वाहतंय. चांगलंच आहे, आतलं बाहेर पडतं. स्वतःचे रुमाल स्वतःला बघवत नाहीत. आरशात टॉर्च लावून घसा पाहिला. लाल दिसला. आरसा जुना झालाय.

संध्याकाळ
डोकं जड. दोनदा वाफ घेतली. उद्या सकाळी full fit.

१७ जानेवारी
नात आली. मी हात पुढे केले आणि शिंकलो. धूळ, म्हणालो. सूनबाई त्रिवेणीने बाळाला पदराखाली घेतलं. मग पाटी वाचली. अक्षर माझंच. पुष्करने मला बाल्कनीत बसवून काचेचं दार लावून घेतलं. रंजनाने प्रणिताला बोलावलं. ती आली. दिवसभरात एकदाही शिंकली नाही.

काचेतून सगळं दिसलं. प्रणिता पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत गुद्दे घातले. सगळे हसत होते. माझे दोन्ही कान गच्च. एक अक्षर ऐकू आलं नाही. प्रणिताने पाहिलं. काचेजवळ येऊन ओठ हलवून पुन्हा सांगितलं, सावकाश, दोनदा. मी मान डोलावली. छान आहे, म्हणालो.

मला सर्दी झाली आहे. नातीचं नाव माहीत नाही.