वीज गेल्यावर उरणारे खेळ

प्रिय चितालू,

थांब, एक मिनिट. राक्षसाची दोनच हृदयं उरलीत आणि माझ्या हातातल्या खेळाच्या यंत्राचा दिवा लाल झालाय. गेला. डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसले आणि राक्षस वळल्यावर त्याच्या पाठीत वार केला. आठवीची मुलं याला भ्याडपणा म्हणतात. मी गणित म्हणते.

आता लिहिते. रविवारची दुपार आहे. आमच्या या खाणीच्या गावात, लुआन्शात, अकरापासून वीज नाही. समोर टेबलावर तुमच्याकडून लग्नाच्या मागणीसाठी आलेल्या दोन ताटल्या आहेत, एकीवर एक पालथी, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या. तुमचे मध्यस्थ बा कटोंगो त्या शुक्रवारी ठेवून गेले. उद्या सकाळी ते उत्तराला येतील. गाठ सोडली तर मी तुझी होणार, तशीच परत दिली तर नाही. गाठीत खोचलेला कागद आत्यानं लगेच वाचून दाखवला. तुझ्या आईची अट आहे: लग्नानंतर मुलीनं ती खेळणी कुणालातरी देऊन टाकावीत आणि खेळघराच्या भिंतीवरचा तिचा खेळांना गुण देणारा कागद कायमचा उतरवावा. शिक्षिकेला आणि सुनेला ते शोभत नाही. बुपे आत्या म्हणाली, "एवढंच? माझ्या सासूनं तर माझं हसणं बंद केलं होतं." आई म्हणाली, "छत्तिसाव्या वर्षी ताटं दुसऱ्यांदा येत नाहीत, म्वेन्या."  

खेळणी. त्या शब्दापासून सुरू करते. मी अकरा वर्षांची असताना आईनं बाजारात जुन्या कपड्यांचा गठ्ठा फोडला आणि परदेशातल्या कुठल्याशा पोराच्या कोटाच्या खिशात पहिलं यंत्र निघालं. राखाडी, विटेसारखं जड. आत योनास नावाच्या कुणाचा तरी खेळ सेव्ह केलेला होता. तो शेवटच्या दारापर्यंत पोचला होता. खेळ साठवायला जागा एकच होती. माझा खेळ सुरू करायचा तर त्याचा पुसावा लागणार होता. वर्षभर मी त्याचाच खेळ खेळले, रोज शेवटच्या दाराशी मेले, आणि तिथपर्यंत तो कसा आला हे मला कधी कळलं नाही. मग एक दिवस पुसला. पहिल्या पायरीपासून गेले आणि शेवटच्या दारात पोचायला मला चौदा महिने लागले. सेल बाबांच्या टॉर्चमधून काढायचे. बाबा पाळीला निघताना टॉर्च दाबायचे आणि ओरडायचे, "खाणीत मी उतरतो की ही?" पण सेल त्यांनी कधी परत घेतले नाहीत. दुकानातून दुसरे आणायचे. माझ्या कागदावर हातातल्या यंत्रांना मी नेहमी जास्त गुण देते, लोक त्याला पक्षपात म्हणतात. आहेच. जे दुमडलं की झोपतं आणि उघडलं की राक्षस होता तिथंच उभा असतो, ते माणसाच्या वेळेचा मान ठेवतं. इतर कितीजण ठेवतात?

टीव्हीला जोडायच्या यंत्रांबद्दल माझं मत तुला पाठ आहे, तरी ऐक. त्यांतले निम्मे खेळ अशा देशांत बनलेत जिथं दिवा जातच नाही. डोंगराच्या पायथ्याला एकदा सेव्ह करू देतात, मग एकदम शिखरावर. मधे दोन तास. दोन तास सलग वीज कुणाकडे आहे? खेळ कितीही सुंदर असो, अशा खेळाचे मी निम्मे गुण कापते. आणि पडद्यावर ती सूचना येते ना, कृपया वीजपुरवठा बंद करू नका, तेव्हा बाना म्वाबाचं अख्खं खेळघर एका सुरात ओरडतं, "आम्हाला काय सांगतोस, त्यांना सांग!" त्यांना म्हणजे तुम्हाला, वीज कंपनीला. तिथंच तू मला पहिल्यांदा दिसलास. मीटर बघायला आला होतास. तू मीटरजवळ जायला बाना म्वाबाला नको होतं, म्हणून ती म्हणाली, "राहू द्या हो साहेब, आधी बसा, टीचरबरोबर एक मॅच होऊ द्या." तू बसलास. तुला वाटलं, टीचर म्हणजे कुणी शर्ट खोचलेला मास्तर असेल. माझ्या बाजूनं तीन-शून्य झालं आणि वीज गेली. पडदे ओढलेल्या त्या खोलीत कुणीतरी किंचाळलं, "याची माणसं बटणावर बसलीत!" वीज गेली की मॅच पुन्हा शून्यापासून, हा आमच्याकडचा नियम. तू तेव्हा गंभीर आवाजात म्हणालास, "मी नियमाचा माणूस आहे." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले. पुढच्या महिन्याच्या कागदावर त्या फुटबॉलच्या खेळाबद्दल लिहिताना मी शेवटी एक ओळ घातली: वीज कंपनीचा एक अधिकारी तीन-शून्यनं मागे असताना त्याला कोणीही वाचवू शकलं नाही, वीज कंपनीशिवाय.

तो कागद, जो आता उतरवायचा आहे. सात वर्षं मी दर महिन्याला तो लिहिते. एक पान, दोन बाजू. कुणी सांगितलं नाही, कुणी काही देत नाही. खाली लोक पेनानं लिहून जातात. टीचर, तुम्ही स्वतः बचावात खेळता म्हणून असं लिहिता. हिला पेपर तपासायला नाहीत का? त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: आहेत, तुलाच नापास केलं होतं. एकदा कुणी लिहिलं होतं, बाईमाणसानं एवढं मत बाळगू नये. त्याच्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात मी दोन पानं लिहिली.

कॉम्प्युटरवर थेट खेळायचे ते छोटे खेळ तू कधी पाहिले नाहीस. पोस्टाशेजारच्या इंटरनेट कॅफेत, पडद्याच्या कोपऱ्यात पैसे भरलेल्या वेळेचं घड्याळ उलटं चालायचं आणि मी एका पडद्याएवढे खेळ खेळायचे. एक माणूस, एक छत्री, वारा. एक कोंबडी, चार रस्ते. कुणीतरी एकट्यानं सुट्टीत बनवलेले, फुकट सोडून दिलेले. मी वहीत त्यांची नावं लिहून ठेवली, एकशे चाळीस. मग एक वर्ष असं आलं की ते उघडेनात. ते ज्यावर चालायचे ते खालचं काहीतरी जुनं झालं म्हणून कंपन्यांनी बंद केलं आणि एका महिन्यात सगळे गेले. कुणी रडलं नाही. मी कागदाच्या दोन्ही बाजूंना नुसती नावं लिहिली. बाना म्वाबाला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "हे कोण मेले?" मी सांगितलं. तिनं तो कागद दोन महिने उतरवू दिला नाही. महागातले महाग खेळ मी खेळले आहेत, पाऊस दगडावर कसा पडतो ते थेंबागणिक दाखवणारे. माझं मत बदललेलं नाही. सगळ्यांत चांगलं काम त्या छत्रीवाल्यानं केलं होतं.

तुझ्याबद्दलही एक मत आहे, ते कागदावर कधी आलं नाही. आपल्या ओळखीनंतर महिन्याभरानं मला तुझा पहिला निरोप आला: पाच मिनिटांनी वीज जाणार, सेव्ह कर. कामावर असताना असं बाहेर कळवणं बरोबर नव्हे, हे मला माहीत होतं. तुलाही होतं. दोन वर्षं ते निरोप येत राहिले. वर्गात असले तरी फोन थरथरायचा आणि मला हसू यायचं, मुली म्हणायच्या, "टीचरचं उत्तर जुळलं." कुणी फुलं आणतं, कुणी कापड. मला पाच मिनिटं मिळाली, आणि ती मी कशाशीही बदलली नसती. ते प्रेमच होतं. ते मी परत घेत नाही. पण शुक्रवारी काही निरोप आला नाही, चितालू. गाठीत खोचलेला कागद आला, तोही दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या नावानं.

वर मी तुझ्या आईची अट असं लिहिलं, कारण कागदावर तसं आहे. काल बा कटोंगो टोपी विसरली म्हणून परत आले. आत्यानं त्यांना मक्याचं आंबवलेलं गार मुंकोयो दिलं. दुसऱ्या पेल्याला ते खुलले. म्हणाले, "त्या म्हातारीला काय ठाऊक ती यंत्रं? तिला पोरगी पसंत आहे, विषय संपला. अट पोराची. हिच्या भिंतीवरच्या त्या ओळीवरून ऑफिसात चिडवतात ना त्याला. तीन-शून्य, चहा घेणार का? तीन-शून्य, फाईल आण." आत्या हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तू हे गिळत होतास आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. बोलला असतास तर ती ओळ मी त्याच दिवशी, तुझ्यादेखत खोडली असती, आणि वर लिहिलं असतं की अधिकारी त्या दिवशी आजारी होते. तू ओळ मागितली नाहीस. सगळा कागद मागितलास, माझी ती राखाडी वीट मागितलीस, आणि मागताना आईला पुढं केलंस. नकाराला आपल्यात कारण द्यायचं नसतं. ताटं मुकाट्यानं परत जातात आणि कारण मग गाव ठरवतं. गाव म्हणेल, पोरीला खेळणी सुटेनात. म्हणून हे पत्र. मी खेळांसाठी नकार देत नाही. हरणारा माणूस मला चालला असता, चिडणाराही चालला असता. आईच्या आडून खेळणारा चालत नाही. आई बाहेर भाजी निवडते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. तिचं ऐकून गाठ सोडायची तर आज सोडावी लागेल. मी सोडणार नाही.

स्वतःची, आणि दोन वर्षं मनापासून तुझीही,
म्वेन्या

सोमवार सकाळ. बा कटोंगो साडेसहाला आले. आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "उघडू?" मी नाही म्हटलं. आई उठून मागच्या दारी गेली. बा कटोंगो म्हणाले, "आणि अट काढली तर?" आत्या म्हणाली, "अट काढता येते हो. घालणारा तोच राहतो." त्यांनी चहा घेतला नाही. ते बाहेर बूट घालताहेत, तेवढ्यात हे लिहिलं. ताटल्या गाठ न सोडता त्यांच्याकडे दिल्यात, पत्र आता देते. पहिला तास आठवीला बीजगणित आहे.