सुरमईसाठी जरी

नवीन जालना, रविवार, मे १९७४

उद्या मालवणला निघायचं. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून माझ्या बायकोचे, उषाचे वडील दोन वर्षं आमच्याशी बोलले न्हाईत. आता सासूबाईंनीच बोलावलंय. सासऱ्यांना गळानं सुरमई धरायचा नाद. सुरमईचा थवा चमकत्या गोष्टीमागं धावतो, असं ऐकून मी जुन्या जालन्यातून रुपेरी जरी आणली अन् त्यांना द्यायला घेतलेल्या गळाला बांधली. का कोंबड्याचं पांढरं पीस बरं होतं? मी तर समुद्रसुद्धा पाह्यला न्हाई.

उषाला दाखवलं.

"अहो, बाबा गळाला ताजी तारली मासळीच लावतात. हे बघून हसतील."

"मंग राहू दे घरीच?"

तिनं जरीची गाठ आवळली.

"नको, घ्या. एकदा हसले की बाबांना गप्प राहता येत नाही."

गळ पिशवीत सगळ्यात वर ठेवला.